मानेचा व्यायाम बरोबर होता, दात मात्र आवळलेले होते : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ३८ वर्षांच्या. हिशेबतपासणीचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर. सात महिन्यांपासून मानेची उजवी बाजू धरलेली, आठवड्यातून साधारण चार दिवस उजव्या कानशिलात ठणका आणि सकाळी उठल्यावर जबडा जड. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी दोन वेगवेगळे रस्ते धरले होते आणि दोन्हींची एकमेकांशी गाठ पडली नव्हती. मानेसाठी फिजिओथेरपीच्या दहा बैठका झाल्या : शेक, ट्रॅक्शन (मान हलकेच ओढून धरणं), ट्रॅपेझियस या मान-खांद्याच्या स्नायूचे ताण आणि हनुवटी आत घेण्याचा व्यायाम. दर बैठकीनंतर दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी मान पुन्हा जैसे थे. जबड्यासाठी त्यांनी गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा तयार नाइट गार्ड घेतला होता आणि चार महिने रोज रात्री तो लावत होत्या. मानेच्या उपचारात जबड्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि दातांच्या तपासणीत मानेबद्दल त्या बोलल्या नाहीत.

मानेचा एमआरआय झालेला होता. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी झिजलेली, मज्जारज्जू किंवा नसांवर दाब नाही. या वयात काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही असा बदल दिसतो. पण ‘चकती झिजली’ हे शब्द त्यांच्या मनात घर करून बसले होते आणि त्या मान वळवायलाही घाबरत होत्या.

जबडा आणि मान यांची जोड कुठे आहे

पुढचे निर्णय का घेतले ते कळण्यासाठी तीन गोष्टी आधी मांडाव्या लागतील.

पहिली जोड नसांची. चेहरा, दात आणि जबड्याची संवेदना ट्रायजेमिनल नस वाहून नेते. वेदनेचे संदेश घेणारं तिचं केंद्र मेंदूच्या देठातून खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरतं आणि मानेच्या पहिल्या तीन नसांचे संदेशही तिथल्याच पेशींवर येऊन मिळतात. म्हणून कवटीच्या तळाशी असलेल्या सांध्यांतलं दुखणं कपाळात किंवा कानशिलात जाणवू शकतं आणि चावण्याच्या स्नायूतलं दुखणं कानापर्यंत पोचू शकतं. दुखतं ती जागा आणि दुखण्याचं मूळ यांची गल्लत होते ती इथेच.

दुसरी जोड हालचालीची. तोंड उघडताना खालचा जबडा एकटा खाली जात नाही, त्याच वेळी डोकंही किंचित मागे झुकतं. डोकं घट्ट धरून ठेवलं की तोंड कमी उघडतं. उलट बाजूने, डोकं मागे कललं की खालचा जबडा मागे सरकतो आणि दातांचा पहिला स्पर्श मागच्या दाढांकडे जातो. डोकं पुढे झुकलं की तो पुढच्या दातांकडे येतो. दात जोरात आवळले तर स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा मानेच्या बाजूचा स्नायू आणि मानेमागचे स्नायूही आपोआप ताणात येतात, कारण चावण्याच्या जोरासमोर डोकं स्थिर धरावं लागतं.

तिसरी जोड हायॉइड या गळ्यातल्या, जिभेखालच्या हाडाची, आणि या प्रकरणात हीच निर्णायक ठरली. खालच्या जबड्यापासून हायॉइडपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडापर्यंत स्नायूंची साखळी आहे. जबडा सैल असेल तर ही साखळी तोंड उघडते. पण दात आवळून जबडा वरच्या जबड्याला खिळवला, तर तीच साखळी आकसल्यावर डोकं पुढे वाकवते. म्हणजे मानेच्या आतले खरे वाकवणारे स्नायू, लाँगस कॅपिटिस आणि लाँगस कोली, दुबळे असले तरी दातावर दात दाबून ‘हो’ म्हटल्यासारखी मान हलवता येते. बाहेरून पाहणाऱ्याला व्यायाम अचूक दिसतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. दातांची ठेवण सुधारली की पाठीचा कणा सरळ होतो, किंवा मान पुढे असली की जबडा दुखणारच, असे दावे सर्रास केले जातात आणि त्यांना भक्कम आधार नाही. पुढे झुकलेली मान आणि वाकडे दात घेऊन आयुष्यभर काहीही न दुखणारी माणसं भरपूर आहेत. जोड खरी आहे, पण ती नसांच्या, स्नायूंच्या आणि सवयीच्या पातळीवरची आहे.

तपासणीत काय सापडलं

आधी धोक्याच्या खुणा पाहिल्या : हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, तोल जाणं, बोलण्यात किंवा गिळण्यात अडथळा, अचानक सुरू झालेली पूर्वी कधी न अनुभवलेली डोकेदुखी, ताप, वजन घटणं, श्रम केल्यावर जबड्यात येणारी कळ. काहीही नव्हतं. हेच वय पन्नाशीपुढचं असतं, डोकेदुखी नवी असती आणि चावता चावता जबडा भरून येत असता, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी शरीरातली सूज दाखवणाऱ्या, रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी चाचण्यांसाठी पाठवावं लागलं असतं. कानशिलाच्या धमनीच्या सुजेत दृष्टी जाऊ शकते.

जबड्याचा सांधा आणि स्नायू वेगळे तपासले. सांध्याच्या बाहेरच्या टोकावर अर्धा किलो दाब दिला तर दुखलं नाही, उघडताना-मिटताना आवाजही नव्हता. मॅसेटर या चावण्याच्या स्नायूवर एक किलो दाब दोन सेकंद दिला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “हेच ते दुखणं.” दाब पाच सेकंद ठेवल्यावर कळ कानापर्यंत गेली. ‘हेच ते’ हे उत्तर फार मोलाचं असतं. नुसतं दुखणं पुरेसं नाही, कारण हा स्नायू दाबला तर निरोगी माणसालाही थोडं दुखतं. रोजचं ओळखीचं दुखणं उमटलं तरच त्याला अर्थ. दाबाचा अंदाज पक्का राहावा म्हणून तपासण्याआधी बोट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टेकवून एक किलोची सवय करून घ्यावी.

न दुखता तोंड ३१ मिमी उघडत होतं, दुखणं सोसून ४३ मिमी. ४० मिमीच्या वर जातंय म्हणजे सांधा अडकलेला नाही, स्नायू आवर घालतोय.

मानेत, डोकं पूर्ण पुढे वाकवून वळवण्याच्या चाचणीत डावीकडे ४१ अंश आणि उजवीकडे २९ अंश हालचाल मिळाली. साधारण ४४ अंश अपेक्षित असतात. पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा उजवीकडे जखडलेला होता.

मग आली कवटी-मान वाकवण्याची चाचणी. रुग्णाला उताणं झोपवून मानेखाली दाबमापक पिशवी २० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवतात. ‘हो’ म्हटल्यासारखी हलकी मान हलवून दाब २२, २४, २६, २८, ३० असा टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि प्रत्येक टप्पा दहा सेकंद धरायचा. त्यांनी २६ पर्यंत सहज मजल मारली. सात महिने दुखणाऱ्या मानेसाठी हा आकडा संशय यावा इतका चांगला होता.

मानेकडे पाहून काही कळत नव्हतं. गालाकडे पाहिलं तर २४ च्या टप्प्यावर मॅसेटर फुगून वर आलेला दिसला. मग सूचना बदलली : “ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला.” दुसऱ्या फेरीत त्या २२ वरसुद्धा तीनदाच धरू शकल्या आणि चौथ्या वेळी स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड दोरीसारखा ताठ झाला. २६ हा आकडा मानेचा नव्हता, जबड्याचा होता. आधीच्या दहा बैठकांत हनुवटी आत घेण्याचा व्यायाम त्यांनी मन लावून केला होता आणि दर वेळी मॅसेटरलाच व्यायाम झाला होता.

आणखी एक पडताळणी केली. कवटीच्या तळाचे स्नायू तीन मिनिटं हलक्या हाताने सैल केले, जबड्याला हात लावला नाही, आणि लगेच तोंड मोजलं. न दुखता उघडणं ३१ वरून ३५ मिमी झालं. अशा तात्काळ फरकाने निदान होत नाही, पण उपचार कुठून सुरू करावा ते कळतं.

कोणते पर्याय होते

मानेची तीच फिजिओथेरपी पुढे चालवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी पर्याय होता.

दात यंत्राने झिजवून किंवा तारा लावून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण, बदलणं हा पर्याय त्यांना कुणीतरी सुचवला होता. तो स्पष्टपणे नाकारला. घासलेलं दाताचं आवरण परत येत नाही आणि स्नायूंच्या दुखण्यासाठी न परतणारा उपचार आधी करायचा नसतो.

मॅसेटरमध्ये बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा विचार झाला. स्नायूचा जोर साधारण तीन महिने कमी होतो, पण आवळण्याची सवय जशीच्या तशी राहते आणि वारंवार दिल्यास जबड्याच्या हाडावर परिणाम होण्याची शंका आहे. राखीव ठेवलं.

कडक ॲक्रिलिकचा, सगळे दात झाकणारा स्प्लिंट : सकाळचा जडपणा पाहता तो योग्य होता. पण त्यांचं मुख्य दुखणं दुपारनंतर वाढत होतं, रात्रीच्या आवळण्याने नव्हे. म्हणून आधी सहा आठवडे दिवसाची सवय आणि मान, मग गरज उरली तर स्प्लिंट, असं ठरलं. हा निर्णय वादाचा होता, त्याबद्दल पुढे.

जुना मऊ गार्ड मात्र लगेच बंद केला. तो मागच्या दाढांवरच टेकत होता, आणि मऊ वस्तू दातांत आली की काही लोक ती नकळत चघळत राहतात. दंतवैद्यांनी आधी दातांची ताजी झीज नाही याची खात्री केली. झीज असती तर पर्याय हाती येण्याआधी गार्ड काढणं चुकीचं ठरलं असतं.

काय केलं

बारा आठवडे, नऊ भेटी.

पहिलं काम जबड्याची विश्रांतीची जागा शिकवण्याचं. आरामात असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिमी फट असते. ‘दात सैल ठेवा’ म्हटलं की लोक तोंड उघडून बसतात किंवा जबडा पुढे काढतात. त्यापेक्षा मराठीतली दोन अक्षरं कामाला येतात. ‘म’ म्हणून तिथेच थांबायचं : ओठ मिटलेले, दात सुटे. मग त्याच स्थितीत मनातल्या मनात ‘न’ म्हणायचं : जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टेकतं. जीभ टेकवायची, ढकलायची नाही. जोर लावला की हनुवटीखालचे स्नायू कडक होतात आणि पुन्हा तीच साखळी चालू होते.

सवय किती खोल आहे ते कळावं म्हणून फोनवर अनियमित वेळी वाजणारी आठवण लावली. वाजलं की एकच नोंद : दात टेकलेले की सुटे. तीन दिवसांत ७५ नोंदी झाल्या, त्यांतल्या ४८ वेळा दात टेकलेले. जेवण आणि गिळणं सोडलं तर दात एकमेकांना लागायचं काही कारण नसतं. त्यांना स्वतःलाच धक्का बसला. विचारलं असतं तर ‘मी दात आवळत नाही’ असंच त्यांनी सांगितलं असतं आणि ते खोटंही नसतं. आवळणं म्हणजे कचकचून दाबणं अशीच सर्वांची समजूत असते. इथे दात हलके टेकलेले होते, पण तासन्‌तास.

मानेचा व्यायाम शून्यापासून सुरू केला. उताणं झोपून, २२ मिमी पारा, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. घरी दाबमापक नसल्याने घडी घातलेला पातळ टॉवेल मानेखाली. दात आवळले जातात का हे कळण्यासाठी सगळ्यांत उपयोगी पडली ती कागदाची पट्टी : एका बाजूच्या दाढांमध्ये सैल धरायची आणि दर दोन सेकंदांनी हलकेच ओढून पाहायची. पट्टी अडली तर ती खेप मोजायची नाही. गालावर बोट ठेवूनही कळतं, पण हलका स्पर्श बोटाला जाणवत नाही, कागदाला जाणवतो.

वरच्या मणक्यांसाठी पट्टा मानेमागून घेऊन उजवीकडे मान वळवण्याची स्वतः करायची हालचाल दिली, दर वेळी दोनदा, दिवसातून दोन वेळा. एवढीच. जास्त केली तर सांधा चिडतो. भेटीच्या वेळी हातमोजा घालून तोंडातून मॅसेटरवर तीन ठिकाणी ३० ते ६० सेकंद दाब. दुखणं दहापैकी चारच्या वर जाऊ द्यायचं नाही. जीभ टाळूला ठेवून आरशासमोर तोंड उघडणं, सहा वेळा, दिवसातून सहादा. च्युइंगम बंद, तीन आठवडे चिवट पदार्थ कमी. संगणकाचा पडदा डावीकडे होता तो समोर आणला.

एमआरआयबद्दल पहिल्याच भेटीत वीस मिनिटं बोललो. मान वळवायला घाबरणाऱ्या माणसाला मान सोडवण्याचा व्यायाम देऊन काही होत नाही.

कुठे चुकलं

तिसऱ्या आठवड्यात डोकेदुखी वाढली आणि उजव्या कानासमोर, म्हणजे सांध्यापाशी, नवीन दुखणं सुरू झालं. चूक आमच्या सूचनेत होती. त्यांना ‘हनुवटी आत घ्या’ असं सांगितलं गेलं आणि त्या बोटाने हनुवटी मागे ढकलत होत्या. दात सुटे असताना हनुवटी ढकलली तर डोकं मागे जात नाही, खालचा जबडाच मागे जातो आणि सांध्याच्या मागच्या नाजूक ऊतींवर दाब येतो. पूर्वी दात आवळलेले असल्यामुळे जबडा खिळलेला होता आणि हा धोका झाकला गेला होता. म्हणजे एक सवय सोडवताना आम्ही दुसरी दुखापत उघडी केली. सूचना बदलली : हनुवटीचा उल्लेखच काढला आणि ‘डोक्याचा मागचा भाग जमिनीला टेकलेलाच ठेवून माथ्याच्या दिशेने सरकवा’ असं सांगितलं. चार दिवसांत कानासमोरचं दुखणं गेलं. त्याच आठवड्यात २६ पर्यंत नेण्याची घाईही झाली होती; पुन्हा २२ वर आलो.

पाचव्या आठवड्यात फोनची आठवण निकामी झाली. ती वाजायची आणि त्या न पाहता बंद करायच्या. असं होतंच. मग आठवण कृतीशी बांधली : ईमेल पाठवताना, पाण्याचा घोट घेतल्यावर, फोन उचलण्याआधी. आकड्यांच्या मोठ्या तक्त्यावर नजर रोखली की दात टेकतात हे त्यांनी स्वतः शोधून काढलं, आणि त्यानंतरच सवय खरी हलली.

सहाव्या आठवड्यात सकाळचा जडपणा फारसा कमी नव्हता, म्हणून कडक स्प्लिंट बनवला. दंतवैद्यांनी खुर्ची मागे टेकवून रंगीत कागदाने स्पर्श जुळवले. बसून तपासल्यावर पुढच्या दातांवर गडद ठिपके आले आणि मागचे फिके पडले. डोक्याची स्थिती बदलली तसा जबडा सरकला, इतकंच. दोन्ही स्थितींमध्ये स्पर्श सारखे येईपर्यंत स्प्लिंट घासला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, कारण स्नायू सैल झाले की जबड्याची जागा पुन्हा बदलते.

निकाल

बाराव्या आठवड्यात न दुखता तोंड उघडणं ३१ वरून ४२ मिमी. मानेची उजवीकडची हालचाल २९ वरून ४० अंश. मानेच्या त्रासाच्या पन्नास गुणांच्या प्रश्नावलीत १७ वरून ६. दात सुटे ठेवून २८ मिमी पारा दहा वेळा. डोकेदुखी आठवड्याला चार दिवसांवरून दहा दिवसांतून एकदा. दात टेकलेल्या नोंदी ७५ पैकी ११.

सहा महिन्यांनी कामाच्या गर्दीत पाच दिवस मान पुन्हा धरली. त्यांनी कागदाची पट्टी काढली, २२ पासून सुरुवात केली, आणि भेटीची गरज पडली नाही. सकाळचा जडपणा महिन्यातून काही दिवस अजून असतो.

यातला किती गुण कशाचा, हे सांगता येत नाही. मान, सवय, पडद्याची जागा आणि एमआरआयची भीती घालवणं हे सगळं एकाच वेळी सुरू झालं. सहाव्या आठवड्यापर्यंत प्रश्नावलीचे गुण ९ वर आले होते, म्हणून बहुतेक सुधारणा स्प्लिंटच्या आधीची आहे एवढंच खात्रीने म्हणता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

मानेच्या किंवा डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारता येतात : गेल्या महिन्यात जबड्यात किंवा कानशिलात दुखलं का, उठल्यावर जबडा दुखतो किंवा आखडतो का, चावणं-बोलणं-जांभई यांनी दुखणं बदलतं का. दोन मिनिटं लागतात. इथे ते विचारले असते तर दहा बैठका वाया गेल्या नसत्या. हेच उलट्या बाजूनेही : जबड्यासाठी आलेल्या माणसाची मान दोन्हीकडे वळवून पाहायला दंतवैद्यांना एक मिनिट पुरतं.

स्प्लिंट सहा आठवडे लांबवल्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. सकाळचा जडपणा पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता आणि तेव्हाच माप घेतलं असतं तर त्यांचा दीड महिन्याचा त्रास वाचला असता, ही एक बाजू. दुसरी अशी की स्प्लिंट लगेच दिला असता तर दिवसाच्या सवयीवर त्यांनी एवढी मेहनत घेतली नसती. हाती वस्तू आली की माणूस तिच्यावर विसंबतो. पुढच्या अशा रुग्णाचं माप पहिल्या आठवड्यात घेऊन, स्प्लिंट तिसऱ्या आठवड्यात द्यायचा, असं सध्या ठरलं आहे.

आणि कवटी-मान वाकवण्याची चाचणी आता नेहमी दोनदा घेतली जाते : आधी काही न सांगता, मग दात सुटे ठेवून. पहिल्या फेरीत डोळे मानेवर नसतात, गालावर असतात. दोन आकड्यांतला फरक नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहिला जातो.